गुपित तिचं, सही माझी

उजवं मनगट चुरचुरलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवून भिंगं बदलत होतो. "आता बरं दिसतं, की आधीचं बरं होतं?" हा आमच्या धंद्यात दिवसातून पन्नास वेळा विचारायचा प्रश्न. तो अर्ध्यावर राहिला. मिरचीचा हात लागावा तशी मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी जिथे उडते तिथे, आग व्हायला लागली. सकाळचे अकरा वाजले असतील. धुळ्यातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात मिरची कुठून येणार? मी बेसिनवर हात धुतला, रुमालानं पुसला, आणि तेवढ्यात गावाहून नानाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. "सुभाष, फुई गेली रे. आत्ताच, पाच मिनिटं झाली." मी गिऱ्हाइकाला म्हटलं, उद्या या. शटर ओढताना बघितलं, मनगटावर काही नव्हतं. लालीसुद्धा नव्हती.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. आम्हा भावंडांची ती फुई, बाकी गावाची अक्का. शिंदखेड्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. ऐन तारुण्यात नवरा गेला तशी ती माहेरी परत आली, आणि आमच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत तिनं उरलेला जन्म काढला. कुणाच्या ताटात जेवायचं नाही हा तिचा बाणा. मिरच्यांचा मोसम आला की गावाच्या टोकाच्या गोदामात वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडायला जायची. पन्नाशीच्या आसपास काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, तरी तिचं काम सुटलं नाही. देठ खुडायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, आणि बोटं तिची डोळसांपेक्षा चलाख होती. फक्त तिचा हात ज्याला लागेल त्याची कातडी तासभर चुरचुरायची. लहान पोरं म्हणूनच तिच्यापासून दोन हात लांब राहायची. मी मोठा होऊन चष्मे विकायला लागलो तेव्हा तिला भारी गंमत वाटली. मी गेलो रे गेलो की म्हणायची, "बठ्ठासले तू डोया वाटस, मन्हा वाटाले काहीच नही का रे?" सगळ्यांना डोळे वाटतोस म्हणे, आणि स्वतःच खो खो हसायची. मला मात्र ते हसू कधी नीट पचलं नाही.

तिच्या खोलीत दिवा नव्हता. नानानं दोनदा बल्ब लावून दिला, दोन्ही वेळा तिनं तो काढून शेजाऱ्यांच्या पोरांना अभ्यासाला देऊन टाकला. भर दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि तिच्या उंबऱ्यात पाय ठेवला की डोळ्यांपुढे काळोख. आपल्याला काही दिसायच्या आत आतून आवाज यायचा, "ये सुभाष, उभा कसाले शे?" कोण आहे असं तिनं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. एकदा मुद्दाम चपला लांब काढून, श्वास धरून दारात उभा राहिलो. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मिरच्यांच्या सुपात तिची बोटं चालू होती. मग मान वर न करता म्हणाली, "श्वास सोड, मरी जाशी." मी हसलो खरा, पण पुन्हा तसा खेळ केला नाही. गावातल्या बायका मनातलं बोलायला तिच्याकडेच यायच्या, तेही याच अंधारामुळे असेल. समोरच्याचा चेहरा दिसत नाही म्हटल्यावर माणूस काहीही बोलून जातो. काय बोलायच्या ते कधी बाहेर आलं नाही. त्या खोलीत गेलेली गोष्ट तिथेच राहायची.

या सगळ्यांत तिच्या जवळची होती समोरच्या घरातली शोभा. फुईपेक्षा वीस वर्षांनी लहान, गोदामात तिच्याच शेजारी बसून देठ खुडणारी. आमच्या गल्लीच्या मधून उघडं गटार जातं. अलीकडे आमचं घर आणि फुईची खोली, पलीकडे शोभाचं घर आणि गोदामाची वाट. रोज सकाळी शोभा गटाराच्या काठावर उभी राहून हात पुढे करायची, "अक्का, पाय उचल," म्हणायची, आणि फुई तिचा हात धरून एक लांब टांग टाकायची. संध्याकाळी परत तेच. डोळे होते तेव्हापासून त्या दोघी अशाच हात धरून ते गटार ओलांडत होत्या. डोळे गेल्यावर वेगळं काही शिकावं लागलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिथे येतो.

आंधळ्या मतदाराला मत द्यायला सोबती नेता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. सोबत्यानं एका कागदावर सही करायची असते. फुईचे डोळे गेल्यावरची पहिली निवडणूक आली आणि सोबती म्हणून घरच्यांनी मला पुढे केलं, कारण माझं नाव गावाच्याच यादीत होतं आणि लिहिण्यावाचण्यात मी पुढचा. शाळेच्या वर्गात, मतदान अधिकाऱ्याच्या टेबलापाशी, मी तो कागद हातात घेतला. फुई माझ्या उजव्या अंगाला उभी. "काय लिखेल शे?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. मतदाराच्या वतीनं मी नोंदवलेल्या मताची गुप्तता राखीन, असं काहीतरी सरकारी भाषेत होतं.

"गुप्तता म्हनजे काय रे?"

"म्हणजे तू कोणाला मत दिलंस ते मी सांगायचं नाही."

"कोन्ले?"

"कोणालाच नाही."

"माले बी?"

टेबलामागचे सगळे हसले. मीही हसलो, म्हटलं, तुला कशाला सांगायचं, तुझंच मत ना ते. तिनं क्षणभर विचार केला. "मंग गुपित मन्हं, अन सही तुन्ही? गंमत शे," म्हणाली, आणि स्वतःच्या बोटाला शाई लावून घेतली.

खरी अडचण पुढे होती. मतदानाच्या खोक्याला तीन बाजूंनी पुठ्ठा लावलेला असतो, पण आवाज काही पुठ्ठ्यानं अडत नाही. चार पावलांवर पक्षांचे पोरगे कान टवकारून बसलेले. ती मला नाव सांगणार कसं? मी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला, तर तिनं मान हलवली. माझं उजवं मनगट तिच्या डाव्या हातात होतं. शाईचं ओलं बोट माझ्या नाडीवर आलं आणि तिनं दाबलं. एकदा, दोनदा... जितके दाब तितक्या नंबरचं बटण, वरून मोजून. आधी काही ठरलेलं नव्हतं, तरी मला लगेच कळलं. मी बटण दाबलं, यंत्राचा लांब आवाज झाला, आणि ती म्हणाली, "व्हयनं?" म्हणजे झालं का. परतताना मनगट चुरचुरत होतं. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत हेच. मी सही करायची, तिनं दाब द्यायचे, मी बटण दाबायचं. घरी सगळे खोदून खोदून विचारायचे आणि मी मोठ्या ऐटीत म्हणायचो, गुप्तता! खोटं कशाला बोलू, त्या शब्दानं मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

एकदा घरी येताना मी तिला विचारलं, गावभराच्या गोष्टी तुझ्याकडे येतात, त्या तू लपवतेस कशा? आमच्या बोलीत लपवण्याला दपाडणं म्हणतात. ती म्हणाली, "मी काहीच दपाडत नही. दपाडेल चीज सापडी जास. ठेवेल चीज सापडत नही." म्हणजे लपवणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. लपवणाऱ्याला आपली कातडी वाचवायची असते, आणि ठेवणाऱ्याला दुसऱ्याची. हा अर्थ अर्थात मी आज लावतो आहे. तेव्हा मी नुसतं हं म्हटलं होतं.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्या वॉर्डातल्या बाकीच्या जागा बिनविरोध झाल्या, एकाच जागेवर लढत राहिली. तिथे नाना उभा होता. आणि त्याच्यासमोर, गावाला तोंडात बोट घालायला लावून, शोभा उभी राहिली. खुल्या जागेवर बाई उभी राहते, तीही मिरच्या खुडणारी, याचंच सगळ्यांना नवल. भाषण वगैरे तिला येत नव्हतं. घरोघरी जाऊन एकच सांगायची, मी निवडून आले तर गल्लीतल्या गटारावर फरशी टाकीन. नानानंही पूर्वी ती टाकायचं कबूल केलं होतं, पण नानाचं कबूल करणं म्हणजे आमच्या घरात थट्टेचा विषय होता. तरी नाना आमचा होता. मतं मोजताना आम्ही फुईचं मत आधीच आमच्या खात्यात धरलं होतं. आपल्या सख्ख्या भाच्याला सोडून ती जाईल कुठे?

यंत्रावर नानाचं नाव पहिलं होतं, शोभाचं तिसरं. सही केली, पुठ्ठ्यामागे गेलो. फुईनं मनगट धरलं. दाबलं. मी बोट पहिल्या बटणाकडे नेलं. तिनं पुन्हा दाबलं. माझं बोट थांबलं. मग तिसऱ्यांदा दाबलं, आणि तिचं बोट नाडीवर तसंच टेकून राहिलं. मला वाटलं चूक झाली. मी हळूच म्हटलं, "फुई?" तिनं पुन्हा सावकाश, लहान मुलाला पाढा शिकवावा तसे, तीन दाब दिले. चूक नव्हती.

मी काय विचार केला ते आता प्रामाणिकपणे सांगतो. मोठा विचार काही केला नाही. आंधळ्या म्हातारीला शोभानं भुलवलं, घरात कळलं तर फुईचीच फजिती होईल, एका मतानं काय होतंय... अशी दोन-चार वाक्यं मनात आली आणि तेवढ्यात माझ्या बोटानं पहिलं बटण दाबलं. लांब आवाज झाला. पहिलं बटण दाबलं काय, तिसरं दाबलं काय, आवाज सारखाच. तिला कळायचं काही कारण नाही, असं मी स्वतःला बजावलं. ती मात्र नेहमीसारखं "व्हयनं?" म्हणाली नाही. काठी टेकत बाहेर आली, आणि आवारातल्या कडुनिंबाखाली उन्हात बराच वेळ तोंड वर करून उभी राहिली.

नाना एका मतानं निवडून आला.

शोभाच्या माणसांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा एकच मत. ते एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर शोभा एका मतानं आली असती, हे तालुक्याहून परत येणाऱ्या जीपमध्ये मी सोडून सगळे बडबडत होते. घरी गुलाल, ताशे, आरडाओरडा. नानानं फुईच्या कपाळाला, गालांना गुलाल फासला. ती खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. त्या गोंधळात तिनं विचारलं, "एकच मत? कोनं व्हई रे ते?" सगळे हसले. कोणीतरी ओरडलं, "तुन्हंच, अक्का, तुन्हंच!" तिचं गुलालानं माखलेलं तोंड माझ्याकडे वळलं. मी बोललो नव्हतो, हललोही नव्हतो. त्या पन्नास माणसांत मी कुठे उभा आहे हे तिला कसं कळलं, देव जाणे.

त्याच रात्री झोपताना माझ्या ध्यानात आलं. मी बटण दाबलं तेव्हा माझं मनगट तिच्याच हातात होतं. हात वर गेला की खाली गेला, हे कळायला डोळे कशाला लागतात?

शोभानं दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. आम्ही म्हटलं, हरली, राग असणारच. महिने गेले, मोसम गेला, तरी ती गटाराच्या काठावर पुन्हा उभी राहिली नाही. फुई एकटी काठीनं काठ चाचपायची, एक पाय टाकायची, थांबायची, मग दुसरा. नाना म्हणायचा, फरशी टाकतोच आता. आणि मी धुळ्याहून पंधरा दिवसांनी गेलो की त्या अंधाऱ्या खोलीत तिच्याशेजारी बसायचो. ती गप्पा मारायची, माझ्या पोरांची चौकशी करायची, डोळे वाटण्याची तीच थट्टा करायची. पण निघताना माझं उजवं मनगट धरायची आणि नाडीवर तीन दाब द्यायची. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. एसटीत बसल्यावर मनगट चुरचुरायला लागायचं ते थेट धुळं येईपर्यंत. प्रत्येक वेळी ठरवून जायचो, की आज सांगून टाकू. आणि प्रत्येक वेळी तीन दाब घेऊन परत यायचो.

मधे विधानसभेची निवडणूक आली. मला वाटलं, आता सोबती म्हणून ती दुसऱ्या कोणाला तरी नेईल. तिनं मलाच निरोप पाठवला. मी सही केली, या वेळी अधिकाऱ्यानं माझ्याही उजव्या बोटाला शाई लावली. पुठ्ठ्यामागे तिनं मनगट धरलं, आणि दाबलंच नाही. मी वाट पाहिली. तिचं बोट नाडीवर होतं, माझी नाडी मलाच ऐकू येत होती. मागून अधिकारी खाकरला. मी कुजबुजलो, "फुई, किती?"

"दाब ना," ती म्हणाली. "मी कोठे काय म्हनस?"

शेवटी मी सगळ्यात खालचं बटण दाबलं, यापैकी कोणीही नाही हे. हल्ली यंत्राशेजारच्या काचेमागे मताची एक चिठ्ठी दिसते आणि काही क्षणांनी खाली पडते. फुईनं कान तिकडे लावला होता. मला तर कसलाही आवाज आला नाही. "पडनी," ती म्हणाली, आणि मनगट सोडलं.

या उन्हाळ्यात ती गटारात पडली. एकटीच होती. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण त्या वयात हाडं कुठली जुळायला बसतात. दुपारच्या वेळी मी तिच्याजवळ बसायचो. एके दिवशी वॉर्डात कोणी नव्हतं, पलीकडच्या खाटेवरची बाईही तपासणीला गेली होती. फुईचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली आहे. चादरीखालून तिचा डावा हात सरकत आला, माझं मनगट शोधलं, आणि तीन दाब... इतके हलके, की मनात आणलं तर झालेच नाहीत म्हणता यावं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "फुई, मला तुला काहीतरी सांगायचंय. त्या वेळी..."

"नको रे," ती डोळे न उघडता म्हणाली. "कोनी आयकी लेई."

कोणी ऐकेल म्हणून रिकाम्या वॉर्डात मी मागे वळून पाहिलं. मग समजलं, आणि तिच्या पायांशी बसून मी रडलो. तिला माहीत होतं. पहिल्या क्षणापासून माहीत होतं, आणि आता मरतानासुद्धा ती माझीच अब्रू झाकत होती. सही मी केली होती, शब्द पाळत होती ती.

चार दिवसांनी तिला गावी नेलं, आणि त्यानंतर आठवड्याभरात नानाचा तो फोन आला. मी पोचलो तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घातली होती. वहिनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, डाव्या हाताची बोटं सरळ होत नाहीत. मी पाहिलं. चार बोटं आणि अंगठा गोलाकार वळलेले, मधे जागा रिकामी. ती जागा किती आणि कशाची, हे तिथे मी सोडून कोणाला कळणार होतं? हात तसाच ठेवला. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा लगेच शिवला. बघा, म्हातारीची काही इच्छा उरली नव्हती, असं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला ते ऐकून अधिकच भीती वाटली.

कारण मनगटावरचे दाब थांबले नव्हते. दुकानात भिंगं बदलताना, पावती लिहिताना, भर गिऱ्हाइकांत, तीन दाब. मग चुरचुर. बायकोनं डॉक्टरांना दाखवायला लावलं. डॉक्टर म्हणाले, एकच काम सारखं करता, शीर आखडली असेल, पट्टा बांधा. पट्टा बांधला. पट्ट्याच्या आत दाब यायचे.

दीड महिना काढला, आणि गेल्या पंधरवड्यात एका दुपारी शोभाकडे गेलो. खरं तर तिची माफी मागायला निघालो होतो. तुझी निवडणूक मी घालवली, एवढंच माझ्या डोक्यात. ती ओट्यावर मिरच्यांचा ढीग घेऊन बसली होती. "बस भाऊ," म्हणाली, पण वर पाहिलं नाही. मी म्हटलं, "फुईला तुझी फार आठवण यायची." शोभाचे हात थांबले.

"तुम्हनी फुई मन्हा घर उनी व्हती, निकालना दिन," ती म्हणाली. "एकटी. काठी लईसन. आंगवर गुलाल व्हता. म्हने, शोभा, मी तुले सबद दिधा व्हता, तो मी मोडा. मन्हं मत नानाले गयं."

ती पुन्हा देठ खुडायला लागली.

"मी काय म्हनू? इतला वरीस तिन्हा हात धरीसन मी ती गटार वलांडी. मी तिले सांगं, जाय, आते नानाना हात धर." आणि मग खालच्या आवाजात, "परत गई नही मी तिन्हाकडे. मयतले बी उनी नही."

त्या दिवशी फुई डोळे गेल्यावर पहिल्यांदा एकटीनं ते गटार ओलांडून गेली होती. शोभाच्या मनात संशयाची सुई माझ्याकडे वळायच्या आत तिनं दोष स्वतःवर घेतला होता, आणि आपली एकुलती एक मैत्रीण त्यासाठी घालवली होती. त्यानंतरची सगळी वर्षं ती एकटी काठ चाचपत राहिली, आणि शेवटी तिथेच पडली. मला तिच्या गुप्ततेचा हिशेब कळला असं मी समजत होतो. मला काहीसुद्धा कळलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. पहिलं बटण, तिसरं बटण, माझं बोट. शोभा ऐकत होती. गल्लीत कोणीतरी हातगाडी खडखडत ढकलत गेलं. मग तिनं विचारलं, "तिनी सांगं कसं? बोलनी का?"

"बोलली नाही. असं," म्हणून मी तिचं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर तीन दाब दिले.

शोभानं चटका बसावा तसा हात मागे ओढला. मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरून ती म्हणाली, "हाई माले रोज व्हस, भाऊ. अक्का गई तवापासून. मिरच्या खुडता खुडता, भरदुपारे. तीन डाव. माले वाटे, नस उडस..."

तिनं मला माफ केलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही. थोड्या वेळानं ती एवढंच म्हणाली, "लिखी टाक. तिनी सबद मोडा आसं मी गोदामन्या बायासले सांगेल शे. बठ्ठासले वाचू दे."

म्हणून हे लिहिलं. मताची गुप्तता राखीन अशा त्या कागदावर माझी सही आहे, आणि तो शब्द आज मी मोडतो आहे. पहिल्यांदा मोडला तेव्हा फुईशिवाय कोणाला कळलं नव्हतं. नानाला हे छापून आल्यावरच कळेल. त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मी उठायच्या आधी शोभा उठली. पदराला हात पुसले आणि गटाराच्या काठावर जाऊन उभी राहिली. तिनं उजवा हात पुढे केला, पूर्वी करायची तसा, तळवा वर. मला वाटलं, तोल सावरते आहे. "पाय उचल, अक्का," ती म्हणाली. मग एक लांब टांग टाकून आमच्या घराच्या बाजूला गेली, वळली, आणि हात तसाच धरून थांबली, मागच्याचा पाय टेकेपर्यंत थांबावं तशी. भर उन्हात, सावकाश, कोणाच्या तरी चालीनं चालत ती फुईच्या खोलीपर्यंत गेली. कडी काढली. दार ढकलून बाजूला झाली, आतला अंधार मला ओट्यावरून दिसला. क्षणभरानं तिनं हात खाली सोडला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

त्या दिवसापासून माझ्या मनगटावर एकही दाब आलेला नाही. पट्टा मी काढून ठेवला आहे. शोभालाही विचारलं, तिचंही थांबलं आहे म्हणते. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंग चढवताना हात मधेच थांबतो, आणि मी वाट पाहत राहतो...